सरकारी की खासगी, एकदाचा निकाल

९ सप्टेंबर
सरकारी शाळा चांगली की खासगी, हा घरातला वाद मिटवायचाच. बायको सरकारी शाळेत पाचवीला गणित शिकवते. लेक खासगी शाळेत पाचवीत. म्हणजे प्रयोगशाळा घरातच! दोन्हीकडे एकच पेपर, मग मार्कांची तुलना. बायको म्हणाली, बघ हं, नंतर तोंड पाडून बसू नकोस. हसलो.

११ सप्टेंबर
तिच्या शाळेची पाहणी केली. शी! भिंतींना ओल, स्वच्छतागृहाचा वास थेट वर्गापर्यंत. नाकाला रुमाल लावून उभा होतो, तर एक चिमुरडी विचारते, काका, नळ दुरुस्त करायला आलात का? माझा शर्ट इस्त्रीचा होता! असल्या जागी काय डोंबल शिकणार?

१४ सप्टेंबर, सकाळ
पेपर. लेकीसाठी खोलीत एसी लावला. वातावरण महत्त्वाचं.

संध्याकाळ
बायकोच्या वर्गाची सरासरी पन्नासपैकी छत्तीस. लेकीला अठरा. अपूर्णांकांची बेरीज करताना वरचे आकडे वरच्यांत मिळवले, खालचे खालच्यांत. छपाईच भिकार, दुसरं काय! शिवाय आमच्या शाळेत कन्सेप्टवर भर असतो, उत्तरांवर नाही.

१५ सप्टेंबर
लेकीला खोदून विचारलं. म्हणे, गणिताचे सर सुट्टीनंतर आलेच नाहीत. त्या तासाला टाळ्यांची ॲक्टिव्हिटी असते. टाळ्यांची! किळस आली. आधी का नाही बोललीस म्हटलं, तर म्हणते, सांगितलं होतं, तूच म्हणालास एक्स्पोजर मिळतंय. मी असं म्हणणं शक्य नाही.

१७ सप्टेंबर
खासगी शाळेत जाऊन चांगलं झापायचं ठरवलं होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी चकचकीत केबिनमध्ये कॉफी पाजली. गणिताला चांगलं माणूसच मिळत नाही म्हणाल्या. मग हळूच विचारलं, तुमच्या मिसेस येतील का आमच्याकडे? झापायचं राहिलं. कॉफीसुद्धा पांचट.

१८ सप्टेंबर
बायकोने साफ नाही म्हटलं. वर्ग अर्ध्यावर टाकून येणार नाही म्हणे. त्यावर लेक म्हणाली, मग मीच आईच्या शाळेत जाते. मोठ्या मनाने परवानगी दिली. त्या शाळेवर उपकारच!

२१ सप्टेंबर
लेकीला घेऊन ॲडमिशनला गेलो. क्लार्कने मान वर न करता सांगितलं, पाचवी फुल्ल आहे. खासगीतून बरेच जण आलेत, पुढच्या वर्षी बघा. माझी बायको इथेच शिकवते, म्हटलं. तो म्हणाला, माहीत आहे, बाईंनीच बजावलंय, कुणालाही मध्ये घुसवायचं नाही.
घरी येईपर्यंत लेक टाळ्यांची प्रॅक्टिस करत आली.