समीरचं नाक

शनिवार, मे २००७. बेव्हर्ली पार्क

आज मी समीरला मारलं. ज्या इंग्लिश बँडच्या वेडाने आम्ही दोघं कॉलेजपासून वाजवतोय, त्यांचा गायक वारला, तरी उरलेल्यांनी बँडचं नाव बदलून सिंथेसायझरवर जग नाचवलं. आता त्यांचा बेस गिटारवालाच म्हणतोय, बँड संपला. ते वाचून समीर म्हणाला, "आपणही संपवू या. मला ऑर्केस्ट्रात काम मिळालंय."

मी त्याची बेस गिटार हिसकावून भिंतीवर आपटली. त्याने माझा गळा धरला. मी त्याच्या नाकावर ठोसा मारला. माझ्या कीबोर्डवर रक्त. इतकं रक्त!

आई धावत आली. "अरे, जीव घेशील त्याचा!"

"काकू, मला घरी सोडा," एवढंच तो म्हणाला. आईच रिक्षाने घेऊन गेली.

कीबोर्डच्या पट्ट्यांवरचं रक्त पुसतोय. बँड संपतोय म्हणून मारलं? नाही. तो माझ्याशिवायही वाजवू शकतो, म्हणून.