खालच्या बटणाचा लाल दोरा

प्रिय बाबा,

पत्र पाहून दचकू नका. माझी तब्येत ठणठणीत आहे आणि नोकरीही टिकून आहे. फोनवर तुम्ही दोन वाक्यं बोलून लगेच आईकडे देता, म्हणून लिहायला बसले. पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे, म्हणजे ते आधी तुमच्या हातात पडेल.

आमच्या मदत केंद्रात दिवसभर बायका येतात. मी त्यांच्या तक्रारी लिहून घेते. आपल्या घरातली पहिली पदवीधर, असं तुम्ही गिऱ्हाइकांना सांगता ना, तिचं काम हे असं. मागच्या आठवड्यात एक बाई आली. ओठ फुटलेला, पण बोलणं तिखट. तिच्या झग्याच्या सगळ्यात खालच्या बटणाला लाल दोरा होता, बाकीच्यांना पांढरा. गिऱ्हाइकाने तिथून सुरुवात करावी, म्हणजे बटणं वरखाली होत नाहीत, असं म्हणून तुम्ही गेली कित्येक वर्षं हेच करत आलात. दुसरा कुणी टेलर असं करताना मी पाहिला नाही. शिकवलंत तेही फक्त ताईला. कुणी शिवलं, असं मी विचारलं, तर ती म्हणाली, आमच्या गल्लीतल्या मास्तरणीने, का, तुम्हालाही शिवायचाय?

ताई तापाने गेली, असं तुम्ही सांगितलंत तेव्हा मी शाळेत होते. ओळखीच्या काकूंनी तिला शहरात कपड्यांच्या कारखान्यात लावलं होतं. तिची खुशाली येईना, म्हणून तुम्ही शोधायला निघालात आणि एकटेच परतलात. मोजपट्टी गळ्यातच होती. आई म्हणाली, अहो, असेच गेला होतात का? मग भिंतीवर, आजोबांच्या शेजारी, ताईचा फोटो आला.

काल दुपारी मी त्या गल्लीत गेले. चौकात पेपरवाल्याला विचारलं, फळवाल्याला विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं, पण दोघांचीही मान एकाच दिशेला वळली. शिपायाने माझा प्रश्न पुरता ऐकलाही नाही. काठीने दिशा दाखवली आणि माझ्याकडे असं पाहिलं की ओढणी सावरावीशी वाटली. औषधाच्या दुकानापासून आत वळले. पायऱ्यांवर बायका केस विंचरत बसल्या होत्या. एक म्हणाली, नवी दिसतेस, चुकलीस का गं? मी तिच्या खालच्या बटणाकडे पाहिलं. लाल दोरा होता. तिच्या शेजारणीच्याही.

जिन्यात अंधार आणि फिनेलचा वास. वर पडदे लावून एका खोलीच्या चार केल्या आहेत. खिडकीपाशी मशीन होतं, आणि मशीनवर ताई. मला तिने ओळखलं नाही, बाबा. मीच हाक मारली. ती कितीतरी वेळ माझा हात धरून बसली. आता फक्त शिवते, म्हणाली. त्याआधीचं मी विचारलं नाही.

तुमच्याबद्दल तिनेच सांगितलं. याच खिडकीतून तुम्ही दिसलात. औषधाच्या दुकानापाशी उभे होता, गळ्यात मोजपट्टी होती. तिने हाक मारली. तुम्ही वर पाहिलंत आणि मागे वळलात. हे सांगताना ती रडली नाही. मी फोटोचं सांगितलं तेव्हा तिने हसून विचारलं, कुठला लावलाय? दुकानासमोरचा, दोन वेण्यांचा. ती म्हणाली, अगं, त्यात माझे डोळे मिटलेत. मग ती मशीनवर डोकं टेकून रडली.

बाबा, ती यायला तयार आहे. तुमच्याकडून तिला काही ऐकायचं नाही. फक्त स्वतःला भिंतीवर बघायचं नाही. आई रोज पदराने ती काच पुसते, तिला खरं काय ते तुम्हीच सांगा. शनिवारी आम्ही दोघी येतो आहोत, तोवर फोटो उतरवा. ते जमणार नसेल, तर त्याच्या शेजारी आणखी एक खिळा ठोकून ठेवा. माझा फोटो आईकडे आहे, पदवी घेतानाचा. त्यात डोळे उघडे आहेत.

तुमचीच,
धाकटी