लिंबावरचं शेकरू

२ मार्च १९३१
मेहुणा चनबसप्पा हुबळीकडच्या हल्याळच्या रानातून शेकरू घेऊन आला. मांजराएवढी तांबूस खार, शेपूट अंगाहून लांब. रानं तुटताहेत, ही जात कमी होत चाललीय. वाचवणार कोण? मी. हायस्कुलात नेचर-स्टडी उगाच शिकवत नाही. सोलापुरात पैदास करणार. सध्या एकच आहे. नर की मादी, बघू.
दाक्षायणीने पुन्हा माहेरचं काढलं. लग्नानंतर एकदाच गेले, आता भावाबरोबर जाऊन येते म्हणाली. म्हटलं, एक्सपेरिमेंट चालू असताना घर कोण बघणार?

५ मार्च
पिंजरा कुरतडून अंगणातल्या कडुलिंबावर चढलं. मेहुणा हसला. हसू दे. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही, झाडावरून झाडावर जातं. आमच्या लिंबाजवळ दुसरं झाडच नाही. म्हणजे पिंजऱ्याचा खर्च वाचला. माझा मूळ प्लॅन हाच होता.
ही म्हणाली, जीव कोंडलाय त्याचा, सोडा की. म्हटलं, खायला मिळतंय, आणखी काय पाहिजे? केळं सोलत लिंबाखाली गेली. पटलं असावं.

९ मार्च
लिंबाची पानं झडली. शेकरू दिवसभर उन्हात फांदीवर निपचित पडून असतं. रमलं. माझ्या हातचं केळं घेत नाही, हिच्या हातचं घेतं. मेथड माझीच.

१४ मार्च, सायंकाळ. लिंबावरून.
घरटं बांधलंय का ते बघायला चढलो. शिडी रस्त्यावरचे कंदील लावणाऱ्या येडूची. दिवेलागणीला तो ती घेऊन गेला. हाक मारणार होतो, पण माझ्या वर्गातली पोरं समोरून चालली होती.
उतरता येत नाही असं नाही. घाई नाही.
इतक्यात हिने खालून केळं दाखवलं. शेकरू खोडावरून सरळ तिच्या टोपलीत. मग म्हणाली, उद्याच्या हुबळीच्या गाडीनं ह्याला रानात पोचवून येते, भाऊ हाय की सोबत. नाही म्हणणार होतो. पण पायाला मुंग्या आल्या होत्या, आणि येडूला बोलावणार हीच. मोठ्या मनाने परवानगी दिली.

१५ मार्च
स्टेशनवर गेलो. परत कधी, विचारलं. बघू, म्हणाली.
गाडी हलली तेव्हा ही खिडकीत हसत होती. आमच्या घरात तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. माझ्याकडे बघून हसतेय असं वाटलं, म्हणून हात हलवला. ती टोपलीत बघत होती.