आतली पट्टी

पर्णश्री, बेहाला
६ मार्च २०२५

चि. ईशा,

आशीर्वाद. नाशिकला तुम्ही तिघं बरे असाल असं धरून चालते. इथे ऋषिकेशकाकांचा गुडघा सोडला तर आमचं ठीक आहे. मार्चच्या पहिल्याच आठवड्यात अंगाला चिकटणारा उकाडा सुरू झालाय.

परवा फोनवर मी ओरडले. तू "हो मावशी, हो मावशी" म्हणत राहिलीस आणि मला आणखी राग आला. म्हणून आज कागद घेतला. कागदावर मला जरा शहाण्यासारखं बोलता येतं.

तुझं ते बावीस पानांचं सादरीकरण मी कारखान्यात बसून पाहिलं. (कारखाना म्हणजे तीच गॅरेजची खोली, तीन मशिनं आणि एक कटिंगचं टेबल.) पहिल्या पानावर बोधचिन्ह. दुसऱ्या पानावर तेच बोधचिन्ह, वेगळ्या रंगात. नवव्या पानावर पाच वर्षांत किती शहरांत पोचणार त्याचा नकाशा. ईशा, गिऱ्हाईक कोणत्या पानावर आहे? व्हीलचेअरवरच्या मुलांसाठी कपडे शिवायचे म्हणतेस. अशा किती मुलांना कपडे घालताना तू पाहिलं आहेस? एकालाही नाही, हो ना?

आधी पाच घरं शोध. सकाळी जा, आईला शाळेची गाडी गाठायची असते तेव्हा. काही दाखवू नकोस, काही विकू नकोस. नुसती बस आणि बघ, तिचा हात कुठे अडतो ते.

आमचं काम असंच सुरू झालं. माझ्या सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला होता. गाउन बदलायला दोन माणसं लागायची, आणि हात वर केला की त्या लहान मुलीसारख्या रडायच्या. तुम्ही तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावर राहायचात. तुझी आई तीन दिवस सकाळी येऊन कोपऱ्यात उभी राहिली. काही बोलली नाही. चौथ्या दिवशी माझी एक जुनी, मऊ तांताची सुती साडी मागून नेली आणि संध्याकाळी गाउन घेऊन आली. दोन्ही खांद्यांवर उघडणारा, कुशीला नाड्या. कूस न बदलता, हात न उचलता अंगावर घालता येणारा. त्या दिवशी सासूबाई रडल्या नाहीत. पुढे समोरच्या सेनबाईंनी त्यांच्या वडिलांसाठी मागितला, मग त्यांच्या नणंदेनं. आमच्या कामाला नाव मिळालं तेव्हा अकरा गाउन लोकांच्या अंगावर होते.

बाकीच्या गोष्टी रुक्ष आहेत, पण लिहून ठेव. नवं मशीन घेऊ नकोस. शिवणारं माणूस शोध आणि नगावर काम दे. पालिकेचा परवाना काढ, छोट्या धंद्यांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी कर. ती फुकट होते, त्यासाठी एजंटला गाठू नकोस. बँकेत वेगळं खातं उघड, घरच्या भाजीत आणि धंद्यात एकच पिशवी नको. किंमत ठरवताना स्वतःचे तास धर. बायका ते हमखास विसरतात, मी दोन वर्षं विसरले. कापड एकदम थानभर उचलू नकोस. एक मीटर आण, धू, वाळव, पुन्हा माप. माझे पहिले चाळीस गाउन एका धुण्यात आखडले होते आणि माझं तोंडही.

शेवटी तू विचारलं आहेस, आई यातून का बाहेर पडली. अगं, बाबांची बदली झाली. बँकेची नोकरी, दुसरं काय असणार!

आईबाबांना नमस्कार.

तुझी
प्रेमलता मावशी


पर्णश्री, बेहाला
२४ मार्च २०२५

चि. ईशा,

आशीर्वाद. तुझं पत्र शनिवारी आलं. पाच घरांपैकी तीन पाहून आलीस हे वाचून बरं वाटलं. कमरेच्या नाडीपेक्षा पाठीशी गोळा होणारं कापड जास्त त्रास देतं, हे तुझ्या नकाशात नव्हतं ना? आता तू धंद्याला लागलीस.

मी मात्र वैतागले आहे. इथे बंगाली नववर्षाआधीचा चैत्र सेल चालू आहे. सगळे शिंपी सेलच्या कुर्त्यांमागे. रफिकुलदा, आमचे जुने कारागीर, मेटियाबुरुजहून गार्डन रीचमार्गे दोन बस बदलून येतात ते तेवढे टिकून आहेत. मोजून एक नर्सिंग होम आणि थोडी घरगुती गिऱ्हाइकं, तीन वर्षं मी इथेच अडकले आहे. मराठी मंडळात कोणी "उद्योजिका" म्हणून ओळख करून दिली की मला तिथून उठून जावंसं वाटतं. नवा नमुना एकही काढता आलेला नाही. मी माल खपवू शकते, माणसांशी बोलू शकते. पण कापडाकडे बघून मला काही सुचत नाही. सुचायचं ते तुझ्या आईला.

तू लिहितेस, "मावशी, बदली जूनमध्ये झाली. आई फेब्रुवारीपासूनच घरी बसली होती. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, मला आठवतं. ती शिवणाच्या मशिनवर चादर टाकून ठेवायची." हे वाचून मी चिडले. सल्ला मागायला आलेल्या मुलीनं तारखा कशाला तपासाव्यात! याच्या आधीची दोन पत्रं मी फाडली.

तर ऐक. त्या वर्षी आम्हाला पहिली मोठी ऑर्डर मिळाली होती. घाई झाली. एका रुग्णाला थोडा त्रास झाला. तुझी आई हळवी आहे, तिनं मनाला लावून घेतलं. धंद्यात असं होतं.

तू आणि मीना भागीदारीत काम करणार म्हणतेस. शाळेपासूनची मैत्रीण, म्हणून कागद करायची लाज वाटते, असंही म्हणतेस. लाज सोड आणि कागद कर. कोण किती वाटा घेणार हे सगळेच लिहितात. त्याखाली हेही लिही की नमुन्यात बदल करायचा झाला तर कोणाला विचारल्याशिवाय करायचा नाही. आणि माल खराब निघाला तर गिऱ्हाइकासमोर जाऊन कोण उभं राहणार. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. खरं तर ते सांगावं लागत नाही.

रफिकुलदा माल घेऊन आलेत, खाली हाका मारताहेत. इथेच थांबते.

प्रेमलता मावशी


पर्णश्री, बेहाला
२४ एप्रिल २०२५

ईशा,

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. पहिल्यातही. आता जसं घडलं तसं लिहिते. मध्येच कुठे मी स्वतःची बाजू घ्यायला लागले तर तेवढं वाचू नकोस.

२०२२च्या जानेवारीत डायमंड हार्बर रोडवरच्या एका नर्सिंग होमनं आमच्याकडे दीडशे गाउन मागितले. तिथल्या मॅट्रन शिखादी म्हणाल्या, "नाड्या बांधायला माझ्या मुलींना वेळ नाही. वेल्क्रो लावा." तुझ्या आईला ते पटलं नाही. वेल्क्रोची काट्यांची बाजू म्हाताऱ्या कातडीला सोलून काढते, असं तिचं म्हणणं. शेवटी तिनंच मार्ग काढला. वेल्क्रो लावायचं, पण त्याच्याखाली आतून मऊ सुती पट्टी, म्हणजे काटे अंगाला लागणार नाहीत. तसा नमुना केला, शिखादींनी तो पसंत केला.

मग तुझे आजोबा आजारी पडले आणि आई आठवडाभर नागपूरला गेली. जाताना मला म्हणाली, "प्रेमाताई, पट्टीकडे तेवढं लक्ष ठेवा."

त्या पट्टीला एका गाउनमागे पंधरा-वीस मिनिटं जास्त लागत होती. माल देण्याची तारीख चार दिवसांवर आली होती. रफिकुलदांनी मला विचारलं, "दीदी, एवढ्या पट्ट्या होणार नाहीत. काय करू?"

मी म्हटलं, "राहू द्या. कोण आत बघतंय!"

हेच शब्द होते माझे. नव्वद गाउन बिनपट्टीचे गेले.

तीन आठवड्यांनी शिखादींनी आम्हा दोघींना बोलावलं. दत्तबाबू म्हणून एक वृद्ध शिक्षक होते, मधुमेही, कुशीवरच झोपून असायचे. त्यांच्या खांद्याखाली कातडी सोलवटून जखम झाली होती आणि ती चिघळली होती. त्यांची मुलगी तिथे उभी होती. तिच्या हातात आमचा गाउन होता, उलटा केलेला. ती ओरडली नाही. तिनं फक्त विचारलं, "हे कोणी केलं?"

तुझ्या आईनं तो गाउन पाहिला. पट्टी नाही हे तिला एका नजरेत कळलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून वाट पाहत होती.

मी बोलले. म्हणाले, "नमुना आणि कटिंग अनुराधा बघते. मी फक्त विक्री बघते."

ईशा, यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणून तर तो इतक्या सहज तोंडातून निघाला.

तुझ्या आईनं मला खोटं पाडलं नाही. त्या मुलीसमोर हात जोडले आणि म्हणाली, "मला माफ करा." बस. परतताना आम्ही एकाच ऑटोत होतो. चौरस्त्यावर ती उतरताना म्हणाली, "ताई, विचारलं असतंत तर मी नागपूरहून परत आले असते." दुसऱ्या दिवशी सगळे कागदी नमुने गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवून गेली. मी ते ठेवून घेतले. आजही त्यावरच कापते.

मी स्वतःला काय काय समजावलं ते सांगत बसत नाही. दत्तबाबू बरे होऊन घरी गेले, हे एक. नर्सिंग होमनं पुन्हा ऑर्डर दिली, हे दुसरं. जून महिन्यात तुमची बदली झाली तेव्हा, तुला सांगायला हरकत नाही, मला सुटल्यासारखं वाटलं. सगळ्यांना सांगायला कारण मिळालं. तुम्हाला निरोप द्यायला मी हावड्याला आले होते. तुझ्या आईला मिठी मारली. तिनं मारू दिली.

तुझी पत्रं यायला लागल्यापासून मला हे सल्ला देण्याचं काम नकोसं झालं. मीनाबरोबर काय लिहून ठेव, गिऱ्हाइकासमोर कोण उभं राहील, हे मी तुला शिकवत होते! मागच्या आठवड्यात, पोइला बैशाखच्या, म्हणजे इथल्या नववर्षाच्या, दुसऱ्या दिवशी, मी शिखादींकडे गेले. काकांनाही सांगितलं नाही. शिखादींच्या खोलीत मिठाईचे डबे पडले होते, त्या मला त्यातला संदेश घ्या म्हणत होत्या. मी म्हटलं, "आधी ऐका." आणि सांगितलं. पट्टी मी काढायला लावली, अनुराधा तेव्हा गावातही नव्हती.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "मग ती रोज का यायची?"

"कोण?"

"अनुराधादी. त्या प्रकारानंतर अकरा दिवस आली. दुपारी दोनला यायची, सुईदोरा आणि पट्ट्या घेऊन. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून सगळे गाउन हातानं नीट केले तिनं. आधी दत्तबाबूंचे. मला वाटलं, तुम्हीच पाठवलंय. म्हणून तर मी तुमची ऑर्डर चालू ठेवली."



नव्वद गाउन, ईशा. हातशिलाईनं. मशिनवर चादर टाकून ती घरी बसली असं तू म्हणतेस. ती दुपारी तुला काय सांगून बाहेर जायची कोण जाणे. वरच्या मजल्यावरून उतरताना आमच्या दारावरूनच जात असणार. मी आत नव्या मालाची यादी करत असेन.

शिखादी दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या मालाचं मी कळवीन." मला सवय आहे, अशा बोलण्याचा अर्थ मला कळतो. त्यांनी कळवलेलं नाही आणि कळवणारही नाहीत. रफिकुलदांना मी काल हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दीदी, तेव्हा मीही गप्प बसलो." मग टोपी घालून बसस्टॉपकडे निघून गेले. घरगुती गिऱ्हाइकांवर गाडा किती दिवस चालेल माहीत नाही. मे महिन्यात कदाचित एक मशीन विकीन.

तुला सल्ला हवा होता. माझ्याजवळ होता तेवढा दोन पत्रांत संपला. जो खरा उपयोगाचा, तो तुझ्याच घरात, तुझ्या शेजारच्या खोलीत आहे. तुझे तीन घरांचे कागद घेऊन तिच्यापुढे बस. कापड तिच्या हातात दे आणि तू गप्प राहा. तिला सुचायला वेळ लागतो. कोणी घाई केली नाही तर सुचतं.

हे पत्र तिला वाचायला द्यायचं की नाही, हे मी तुझ्यावर टाकत होते. मग लक्षात आलं, हेही मी पुन्हा तेच करते आहे. म्हणून याची दुसरी प्रत तिच्या नावानं, वेगळ्या पाकिटात, आज स्वतः पोस्टात टाकून आले आहे. तुझं पाकीट मी दोन दिवसांनी टाकीन, म्हणजे तुझ्या हाती हे पडेल तोवर तिनं ते वाचलेलं असेल. तिला काही विचारू नकोस. मला फोन करायला लावू नकोस. तिला वाटलं तर वाटलं.

जिनं अनुराधाचं नाव पुढे केलं, ती
प्रेमलता गोडबोले