बानोगला गवत नको

३ मार्च
रक्ताचा निकाल आला. कुशिंग!
मला वाटलं होतं म्हातारपण. बानोग तेवीस वर्षांची घोडी. केस झडायचे थांबले, पोट सुटलं, पाण्याच्या बादल्या रिकाम्या करते. माझंही दहा वर्षांत हेच व्हायचंय. पण नाही, आजार. सायव, जनावरांची डॉक्टरीण, म्हणाली, "मेंदूखालची ग्रंथी बिघडलीये. बरी होत नाही, सांभाळावी लागते." रोज अर्धी गोळी, मरेपर्यंत. वाळकं गवत तोलून, पाण्यात भिजवून, साखर उतरवून. हिरवं गवत बंद! त्यातली साखर खुरांना बाधते, खूर आतून पेटतं, हाड सुटतं. मग तिच्याकडची शेवटची सुई.
आणि हे सगळं लिहून ठेवायचं म्हणे. मी! बाराव्या वर्षी शाळा सुटली ती सुटलीच. तरी ही वही घेतली.

४ मार्च
गवत पाच किलो. मासे तोलायच्या काट्यावर तोललं. गोळी – थुंकली.

५ मार्च
गोळी कोबीच्या पानात घालून दिली. पान गेलं पोटात, गोळी माझ्या बुटावर. लबाड!

६ मार्च
गोळीचा चुरा केला, भिजवलेल्या गवतात कालवला. खाल्लं. मी तिथेच नाचले. कोणी बघितलं नाही.

११ मार्च
कोलमनला पटत नाही. घोडी त्याची आहे, राबणारी मी. सासरा माझा, चौऱ्याऐंशीचा. त्याचा लेक कोमिन, म्हणजे माझा नवरा, बॉस्टनला जाऊन अकरा वर्षं झाली. नाताळात फोन करतो आणि हवा कशी आहे विचारतो. मी इथंच राहिले. म्हाताऱ्याला टाकून कुठे जाणार होते? नावावर एक चूल नाही माझ्या, बटाटे मात्र रोज मीच उकडते.
म्हणतो, "पाण्यातलं गवत? चहा गाळून चोथा द्यायचा आणि चहा ओतून टाकायचा, तसं झालं हे."
"चोथाच द्यायचाय तिला."
"गवतासारखा डॉक्टर नाही, डेलिया. माझ्या बापानं लंगडं जनावर नेहमी हिरव्यात सोडलं. महिन्यात धावायचं."
बाप त्याचा! बापाच्या घोड्यांना कुशिंग नव्हता, दुसरं काहीतरी होतं आणि ती मरत होती.

२ एप्रिल
अंगावर अस्वलासारखे केस. आज भादरले. चार पोती निघाली. आतून एवढीशी निघाली बाई! बरगड्या मोजल्या. मान मात्र जाडच. थंडी वाजेल म्हणून कोमिनचा जुना कोट तिच्या पाठीवर टाकला. त्याचा तेवढा तरी उपयोग झाला.

९ एप्रिल
ऊन पडलं. हिरवा तुकडा चमकतोय.
आमच्या गावात सगळा खडक. हा एक तुकडा सोडून. इथंही खडकच होता. कोलमननं चाळीस वर्षं समुद्रातलं शेवाळ आणि वाळू आणून त्यावर टाकली. आधी बानोगच्या आईच्या, मग बानोगच्या पाठीवर दोन्हीकडे टोपल्या बांधून, खेप खेप करून. लोक रस्त्यावर थांबून बघतात. त्याचा सगळा अभिमान एका कुंपणात. बानोग दगडी भिंतीवर मान टाकून दिवसभर तिकडेच बघते. मी पाहिलं की तोंड फिरवते. चोर मी की ती?

२१ एप्रिल
पुढच्या टापा गरम. पाय पुढे ताणून, टाचांवर तोलून उभी. सायव आली. खुरामागची नाडी बघितली. "हिला गवत कुठून मिळतंय?"
"कुठूनच नाही!" मी देवाची शपथ घेतली. कोलमन तंबाखूचा पाईप साफ करत होता. एवढा साफ पाईप मी कधी पाहिला नाही.

२२ एप्रिल
सापडलं!
आमच्या भिंतींना फाटक नसतं. चार दगड काढायचे, जनावर न्यायचं, दगड परत रचायचे. भिंतीवरच्या प्रत्येक दगडाला बाहेरच्या बाजूनं पांढरी बुरशी असते. हिरव्या तुकड्याच्या भिंतीत पाच दगड कोरेकरकरीत. बुरशी आतल्या बाजूला!
म्हातारा पहाटे माझ्या आधी उठतो, तिला तासभर चारतो आणि भिंत रचून ठेवतो. मी इकडे गवत तोलतेय.
ओरडले. खूप ओरडले. "माया करून मारणार आहात तिला!"
तो म्हणाला, "माझ्या दारात जनावर उपाशी उभं राहिलेलं नाही कधी. या गावानं उपास पाहिलेत, डेलिया. बघवत नाही मला."
मीही म्हटलं, मला बघवतं होय? मग चहा केला. तो प्यायला नाही.

२४ एप्रिल
बानोग आडवी झाली. उठत नाही.
सायव म्हणाली, दहा दिवस बघू. हाड आणखी खाली सरकलं तर तिला ठेवायची नाही.
कोलमन तिथेच उभा होता. सगळं ऐकलं. टोपी काढली फक्त.

२५ एप्रिल
पहाटे गोठ्यात गेले तर म्हातारा समुद्राची ओली वाळू पसरतोय! तिच्या खुरांखाली मऊ राहावं म्हणून. हातगाडीनं किनाऱ्यावरून आणली. चौऱ्याऐंशी वर्षं वय! सहा खेपा झाल्या होत्या.
"सोडा ते, मी आणते."
"तू गवत भिजव. मला ते जमत नाही."
गवत चार किलो. सगळं खाल्लं.

२८ एप्रिल
कोलमन उलट्या बादलीवर बसून तिच्याशी बोलत होता. माझ्याबद्दल! "बाई कडक आहे, पण तिचं ऐक. मी ऐकलं असतं तर बरं होतं."
मी बाहेरूनच परत फिरले. डोळ्यांत वाळू गेली.

३० एप्रिल
उठली! दोन मिनिटं. मग चार. परत बसली.

४ मे
आज दहावा दिवस. सायवनं खुराचा फोटो काढला. हाड आहे तिथेच आहे! मी सायवला मिठी मारली. ती घाबरली.

१९ मे
चालते. पण सायव म्हणते, जन्मभर गोठ्यात कोंडलंत तर तेही मरणच. फिरायला हवी. हिरव्यात नाही, वाईट जमिनीवर.
कोलमननं विचारलं, "किती वाईट?"
"जितकी वाईट तितकी बरी. दगड, झुडपं, राठ काडी."
तिघांनी एकदमच भिंतीपलीकडे पाहिलं. शेजारच्या फेस्टीचं रान! कोलमननं त्या रानाची आयुष्यभर टिंगल केली. म्हणायचा, तिथं बोकडही रडत बाहेर येतो.

२० मे
फेस्टीकडे गेले. पोट धरून हसला. "कोलमनला माझे दगड हवेत? अरे देवा! आज माझी बायको हवी होती हे ऐकायला."
"भाड्यानं दे."
"भाडं नको. हिरवा तुकडा द्या, दगड घ्या. कायमचे. वीस वर्षं मागतोय मी. माझ्या वासरांच्याही बरगड्या दिसतात, डेलिया."
मी त्याला मसणात जा म्हटलं. घरी आल्यावर कोलमनला सगळं सांगितलं. तो जेवला नाही.

२६ मे
गवत पाच किलो. गोळी खाल्ली. गोठ्याच्या दारात उभी राहते आणि टाप आपटते. कोलमन खिडकीतून एकदा तुकडा बघतो, एकदा तिला. मी काही बोलत नाही. हे मला जड जातं.

२ जून
शेवटी बोललेच. "द्या तो तुकडा! काय बरोबर नेणार आहात?"
"माझा नाही तो," म्हणाला. "दोन वर्षं झाली, तुझ्या नावावर आहे. पेन्शनचा कागद म्हणून वकिलाकडे तुझी सही घेतली ना, तोच तो. तू कधी वाचतेस? आता तुझं तू ठरव."
दुपारी फेस्टीनं तळहातावर थुंकून हात पुढे केला. मीही थुंकले, हात मिळवला, सौदा पक्का. बानोग खडकावर आहे.
जन्मात पहिल्यांदा माझ्या नावावर जमीन होती. सकाळी कळलं, दुपारी देऊन टाकली.