आसगावच्या देवीचा डावा गाल

३ जून
कालच्या वादळात आसगावच्या तळ्याकाठची चिंच देवळावर पडली. देवी फुटली. बायकोचा, सुमनचा भाऊ देवराव, त्याचा फोन. सु.नं ऐकून घेतलं आणि तांदूळ निवडत बसली. माहेर तिचं. लग्न होईस्तोवर दर मंगळवारी देवीला शेंदूर तीच लावायची.

५ जून
पवनीहून स्कूटरनं दोघं गेलो. धड शाबूत, चेहऱ्याचे तुकडे, बराचसा चुराच. देवरावनं पोत्यावर मांडून ठेवलेत. गावाचं ठरलंय: ही धानाच्या रोवणीआधी विसर्जन करून तळ्यात शिरवायची, पांढऱ्या दगडाची नवी आणायची.

८ जून
पल्लवीला कळवलं. आमची लेक नागपूरला कॉम्प्युटरवर इमारतींची मॉडेलं करते. म्हणाली, तुकड्यांचे फोटो आणि जुने फोटो जुळवले तर चेहरा उभा होईल, त्यावरून कारागीर पहिल्यासारख्याच काळ्या दगडात घडवेल. जुने कुठून आणू, विचारलं तर हसली.
"बाबा, तीस वर्षं त्या देवळापुढं जोडपी कोणी उभी केली?"
मीच की. स्टुडिओतले निगेटिव्हचे डबे काढले.

१४ जून
रोज निगेटिव्ह पाहतोय. नवरा-नवरी झकास. देवी मागं, धूसर, कुठं फेट्याआड, कुठं मामाच्या डोक्याआड. एकट्या तिचा फोटो एकही नाही. लाज वाटली. सु.ला मात्र प्रत्येक नवरीचं नाव आठवतं, लेकरं किती तेही. देवी फुटल्यापासून पहिल्यांदा हसली आज.

२२ जून
प. आली. आसगावला जाऊन तुकडे मोबाइलनं सगळ्या बाजूंनी टिपले, निगेटिव्ह स्कॅन केले. पडद्यावर कपाळ आलं, नाक, उजवा डोळा, ओठ. डावा गाल नाही. त्या बाजूला खांब, म्हणून मी सगळ्यांना उजवीकडूनच घ्यायचो. प.नं उजवाच गाल उलटा करून बसवला. मला तर देखणी वाटली. सु.नं चष्मा लावून पाहिलं.
"हे ते नोहे. डावा गाल बसका होता. शेंदूर लावताना बोट तिथं थांबे."
प.नं गाल काढून टाकला.

२३ जून
कुंभाराकडून माती आणली. सु. सकाळभर डोळे मिटून गाल घडवत होती. प.नं तोही स्कॅन करून जोडला, पण वेगळ्या रंगात. फोटोतलं कोणतं आणि आईच्या हातचं कोणतं, ते पुढच्यांना कळायला पाहिजे म्हणे. मग नागपूरची बस धरली.

२९ जून
आसगाव. लॅपटॉपवर देवी पाहून पुरुष खूश. बायांनी लॅपटॉप सोडून ओल्या फडक्यात आणलेला मातीचा गाल हातोहात फिरवला. दोघी म्हणाल्या, हाच. यमुनाबाई, सु.नंतर शेंदूर लावायचं तिच्याकडं आलं, ती म्हणाली, "अजून बसका होता वो," आणि अंगठ्यानं दाबला. सु.नं अडवलं नाही.
शिरवणं रोवणी आटपेस्तोवर लांबवलंय. पुढचं मग बघू, देवराव म्हणाला.
घरी आल्यावर विचारलं, खरं कोणाचं, तुझं की यमुनाबाईचं?
"मले नाई माहीत," सु. म्हणाली. "तिनं माह्यापेक्षा जास्त वर्षं हात लावला."
गाल ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलाय. प.चा दोनदा फोन येऊन गेला, कोणता गाल ठेवू म्हणून. दोघींपैकी कोणाचं नाव सांगू?