निकालाच्या आधी

१६ मार्च, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींनाही माझा नमस्कार सांग. तुम्ही दोघं ठीक असाल आणि तुला अधूनमधून झोपही मिळत असेल, असं धरून चालतो. इकडे सगळं नेहमीसारखं. ऊन वाढलंय. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी व्हायोलिन शिकायला घेतलंय आणि अख्खी इमारत त्यांच्या प्रगतीकडे डोळे लावून बसली आहे. ऑफिसात नवे हातमोजे आले, ते झाडून सगळ्यांना मोठे होतात. वजनं-मापं तपासणाऱ्या खात्याला आपल्याच माणसांच्या हातांचं माप माहीत नसावं, यावर आम्ही आठवडाभर हसलो.

हसलो हे खोटं आहे. बाकीचे हसले.

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. फोन तू उचलत नाहीस, आणि मुद्दाम उचलत नाहीस, हे माझ्या लक्षात आलंय. पत्रात तू लिहिलंस, "तू तिचं वजन केलंस, पण तिला उचललं नाहीस. का ते सांगितल्याशिवाय माझ्या दारात पाऊल टाकू नकोस." ते मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस.

तुझं खरं आहे. भाचीसाठी मी काटा घेऊन आलो, त्याचं कौतुक सांगून भाऊजींचं डोकं खाल्लं, तो फरशीवर सपाट बसतोय ना हे चारदा वाकून पाहिलं, आणि तिला त्यावर ठेवायला मात्र तुला सांगितलं. हातभर लांब उभा राहून आकडा वाचला. चार किलो एकशे वीस ग्रॅम. मग तू तिला माझ्यापुढे धरलंस, "घे की, मामा ना तू?" मी म्हणालो, हात घाण आहेत. धुऊन आलो. तू परत धरलंस, तर म्हणालो, सर्दी आहे. तिसऱ्यांदा तू धरलं नाहीस. मी माझा कप वेगळा ठेवत होतो, टॉवेल पिशवीत कोंबत होतो, तेही तुझ्या नजरेतून सुटलं नसणार. चार दिवस राहायला आलेला भाऊ दुसऱ्याच दिवशी ऑफिसचं काम निघालं म्हणून पळाला. काम निघालं नव्हतं.

तुला वाटलं, अकरा वर्षांनी झालेल्या तुझ्या लेकीचं मला काहीच वाटत नाही. ताई, असं नाहीये. कारण सांगतो. मास्तरांच्या व्हायोलिनवर अजून एक पान सहज भरेल, पण मग तू हे पत्र फाडून टाकशील.

आठ फेब्रुवारीला, शनिवारी, मी एका बाईच्या घरी होतो.

ती टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर बसते. तिथला काटा वर्षातून एकदा तपासायचा असतो. गेली दोन वर्षं मला त्यात वर्षाला पाच-सहा वेळा काहीतरी शंका येते, आणि हे एव्हाना आमच्या साहेबांनाही कळून चुकलंय. नवऱ्यापासून वेगळी होऊन तिला सहा वर्षं झाली. मोठ्यांदा हसते, तेही स्वतःच्याच विनोदावर, आणि विनोद सांगून व्हायच्या आत. तुला आवडेल. तुमचं पटणार मात्र नाही, कारण दोघी एकदमच बोलाल.

पुढचं थोरल्या बहिणीला लिहिताना हात अडखळतो. पण अर्धवट लिहिलं तर तू त्यातून भलतंच काढशील, म्हणून लिहितो. आम्ही जवळ आलो. दोघांच्या मर्जीनं. कंडोम होता, शेवटपर्यंत होता, फाटला नाही. भर दुपार होती, खिडकीत तिचे मोजे वाळत होते, आणि मी फार सुखात होतो. चाळिशी उलटल्यावर आपल्याला असं सुख मिळेल हे मी धरलंच नव्हतं.

सोमवारी ऑफिसात पितळी वजनांची पेटी उघडताना बोटावरचा ओरखडा दिसला. शुक्रवारी एका काट्याच्या पत्र्याला बोट घासलं होतं, म्हणजे शनिवारी तो ओरखडा होताच. तिथून डोक्यात किडा शिरला. एचआयव्ही. तिच्याबद्दल तसं वाटावं असं काडीइतकंही कारण नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत फोन उघडला आणि डबा तसाच राहिला. चार दिवसांनी घसा दुखायला लागला, अंगात कणकण आली. फोनवर हेच लिहिलं होतं: घसा, ताप, अंगदुखी. त्या आठवड्यात ऑफिसातले सहा जण खोकत होते, पण त्यांची ती सर्दी आणि माझं मात्र मरण.

तुझ्याकडे आलो तो बारावा दिवस होता.

शिवल्यानं पसरत नाही, एका कपातून प्यायल्यानं पसरत नाही, हे मला पाठ होतं. शाळेपासून पाठ होतं. पण तू तिला पुढे धरलंस, तिनं जांभई दिली, आणि माझ्या हातून, श्वासातून तिला काहीतरी लागेल या भीतीनं मी मागे सरलो. पाठ केलेलं एक अक्षरही उपयोगी पडलं नाही. मी दिवाणखान्यातून बाहेर गेलो ते तोंड लपवायला गेलो होतो.

आता माझा गाढवपणा ऐक. आमच्या कामात वजन तीनदा ठेवून तीनदा आकडा घ्यायचा असतो, आणि शंका आली की पुन्हा पहिल्यापासून. मी स्वतःवर तेच सुरू केलं. चौदाव्या दिवशी तपासणी केली: लागण नाही. पण एका आकड्यावर शिक्का मारणारा माणूस नव्हे मी. अठराव्या दिवशी दुसऱ्या प्रयोगशाळेत गेलो, चोविसाव्या दिवशी तिसऱ्या. वहीत रकाने पाडले: तारीख, वेळ, निकाल, शेरा. दर वेळी 'नाही' आलं की संध्याकाळपर्यंत बरं वाटायचं, आणि सकाळी दात घासताना परत घसा चाचपायचो. बत्तिसाव्या दिवशी, या बुधवारी, पहिल्याच ठिकाणी चौथ्यांदा बाही वर केली. रक्त घेणाऱ्या बाईंनी मला ओळखलं. म्हणाल्या, "सुई पळून जात नाही. आधी समोरच्या खोलीत बसून बोलून या."

समोरच्या खोलीत दोन खुर्च्या, एक पंखा, पाण्याचा जग, आणि पन्नाशीच्या समुपदेशक बाई. म्हणाल्या, "सगळं सांगा. लाजू नका, माझी लाज या खुर्चीत कधीच झिजून गेली." मी सगळं सांगितलं, ओरखड्यासकट, आणि वर वही काढून दाखवली. त्यांनी ती परीक्षेचा पेपर तपासावा तशी वाचली.

"काम काय करता?"

"वजनकाटे तपासतो."

"काट्यावर वजन टाकलं की लगेच आकडा लिहून मोकळे होता?"

"छे! काटा हलायचा थांबल्याशिवाय कसा लिहिणार?"

"मग इथं कसली घाई झाली होती?"

याच चुकीसाठी मी गेल्या वर्षी एका सहकाऱ्याला चारचौघांत झापलं होतं.

त्यांनी नीट समजावलं. इतक्या लवकर आलेल्या 'नाही'वर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, म्हणून माझं समाधानही टिकत नव्हतं. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत करतात ती तपासणी पंचेचाळीस दिवसांनी करायची, तो निकाल पक्का धरायचा. "आणि खरं सांगू का," त्या म्हणाल्या, "तुमच्या हकिकतीत मला धोका जवळजवळ दिसतच नाही. कंडोम होता, फाटला नाही. बोटावरचा सुकलेला ओरखडा हा त्या विषाणूचा रस्ताच नाही. खरोखर धोका झाला असता, तर बहात्तर तासांच्या आत यायचं, लागण टाळायचं औषध देता येतं. तेव्हा माणसं घरी बसून फोन वाचतात. आता पंचवीस तारखेला एकदाच करा, तीही तुमच्या मनासाठी. आणि वही मला आणून द्या."

"आणि घसा?"

"घसा म्हणजे घसा."

मला एकदम हलकं वाटलं. उठता उठता विचारलं, "म्हणजे पंचवीस तारखेनंतर भाचीला उचलायला हरकत नाही ना?"

त्यांनी मला परत बसवलं. "आणि निकाल वाईट आला, तर नाही उचलणार?"

"कसा उचलणार?"

त्यांनी जगमधलं पाणी माझ्यासाठी ओतलं, स्वतःसाठीही ओतलं. "मला एचआयव्ही आहे," त्या म्हणाल्या. "चौदा वर्षं रोज गोळी घेते. दोन्ही मुलं याच हातांनी न्हाऊमाखू घातली. धाकटा तर गोळ्या चालू असतानाच झाला. दोघांनाही काही नाही, नवऱ्यालाही नाही. गोळीनं तो विषाणू इतका दबलाय की आता माझ्यापासून त्यांना लागण होत नाही. उद्या मी तुमच्या भाचीला उचललं, तर तुमच्या बहिणीनं काय करावं?"

तोवर मी पेलाभर पाणी पिऊन बसलो होतो. ताई, मला इतकी शरम वाटली की सांगता येत नाही. खिशात हात साफ करायची बाटली होती, दर तासाला वापरायचो, ती मांडीला टोचत होती. मी हात पुढे केला. त्यांनी तो घट्ट धरला आणि म्हणाल्या, "चला, बाहेर पुढचे बसलेत."

परवा पार्सलवालीला सगळं सांगितलं. पाच आठवडे मी तिच्या खिडकीकडे फिरकलो नव्हतो. ती ऐकून घेताना एकदाही हसली नाही. "मी इथं रोज विचार करत होते की माझं काय चुकलं," ती म्हणाली. "मला विचारायचं होतंस. मी तुझ्यासोबत येऊन तपासून घेतलं असतं." मग खिडकीवर 'बंद' अशी पाटी लावून आत निघून गेली. काल तिचा निरोप आला, की उरलेलं भांडण समोरासमोर करायचंय, रविवारी ये. म्हणजे आज संध्याकाळी जायचंय. शर्टाला इस्त्री करून ठेवली आहे.

आता मुद्द्याचं. पंचवीस तारखेला तपासणी, निकाल त्याच दिवशी संध्याकाळी. तोवर थांबून, तो कागद खिशात घालून तुझ्या दारात यायचं, असंच माझं ठरलं होतं. पण गेल्या चार दिवसांत वाटायला लागलंय की हे बरोबर नाही. निकाल कसाही लागला तरी मी तिला उचलू शकतो. मग कागदाची वाट कशाला बघू? माझ्या अज्ञानापायी तिचा एक महिना गेला, आणि या वयात महिन्याभरात पोर केवढं तरी बदलतं. मला निकालाच्या आधी यायचंय. येत्या शनिवारी, बावीस तारखेला, सकाळच्या गाडीनं.

तुला धाकधूक वाटली तर वाटू दे, मलाही अजून वाटते. आजही सकाळी आवंढा गिळून बघितलाच. तुझ्या डॉक्टरांना विचार, त्या समुपदेशक बाईंचा नंबर पाकिटात वेगळ्या चिठ्ठीवर दिलाय, त्यांना विचार, मला वाटेल ते विचार. फक्त तुला विचारायचं असून गप्प बसू नकोस, ते मी करून बसलोय. भाऊजींना सांगायचं की नाही ते तू ठरव. माझं म्हणशील तर सांग.

दार उघडलंस की लगेच भांडायला सुरुवात करू नकोस, दोन दिवस आहेत आपल्याकडे. आधी तिला माझ्याकडे दे. मान कशी सावरायची ते मला येत नाही, तेवढं दाखव. सामान पाठीवर घेऊन येतोय, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील.

तुझा भाऊ,
तिचा मामा